लाल न झालेला कागद

आमच्या शाळेच्या ऑफिसात कागद दोनच प्रकारचे असतात, लाल झालेला आणि लाल न झालेला. फार वर्षांपूर्वी चौथीचा एक पेपर न तपासता छापायला गेला आणि त्यात 'एका टोपलीत पाच टोपल्या, तर आंबट फळे किती?' असा प्रश्न आला. पालक आठवडाभर हसत होते. तेव्हापासून मुख्याध्यापकांनी नियमच करून टाकला की लाल पेनाची खूण झाल्याशिवाय कागद शाळेबाहेर जाणार नाही आणि फाइललाही लागणार नाही. ते लाल पेन बहुतेक वेळा माझ्याच हातात असतं. तिसरीचा वर्ग मी अठ्ठावीस वर्षं सांभाळतेय. मुलं पाठीमागे मला 'लालबाई' म्हणतात आणि मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं.

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पण या गोष्टीत मी जितकी दुसऱ्यांवर चिडले, त्याहून जास्त स्वतःवर चिडलेय.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठातून एक संशोधक आमच्या शाळेत आली. मुलं वजाबाकीत चुकतात कशी, हे तिला बघायचं होतं. मी म्हटलं, "त्यात बघायचंय काय? लक्ष नसतं, म्हणून चुकतात." ती मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली आणि ज्याचं उत्तर चुकेल त्याला एकच विचारत राहिली, "का वाटलं तुला असं?" दुसऱ्या दिवसापासून मुलांनी तिचं नाव काबाई ठेवलं. मीही तेच उचललं.

एकदा फळ्यावर बावन्न वजा अडतीस असं गणित होतं आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर लिहिलं सव्वीस. काबाईने विचारलं, का? ती पोर म्हणाली, "बाईच म्हणतात ना, दोनातून आठ जात नाहीत. मग मी आठातून दोन घालवले. ते जातात."

मला हसू आलं. काबाई मात्र हसली नाही. पुढचे दोन महिने ती लिहीत बसली आणि मग तिने एक तक्ता माझ्यासमोर ठेवला. चौतीस मुलांपैकी एकोणीस मुलं अशीच चुकत होती आणि त्या एकोणिसांपैकी सतरा जणांनी कारण तेच सांगितलं होतं. बाईंनी सांगितलं, जात नाहीत. म्हणजे मुलांचं लक्ष नव्हतं असं नाही. त्यांनी माझं वाक्य कान देऊन ऐकलं होतं. माझं हसू तिथेच बंद झालं.

त्यानंतर आम्ही बुधवारचा तास सुरू केला, मधल्या सुट्टीनंतरचा. त्याला आम्ही चुकांचा तास म्हणतो. त्या तासाला खोडरबर बंद. प्रत्येकाने आठवड्यातली एक चूक आणायची, फळ्यावर लिहायची आणि ती कशी सुचली ते सांगायचं. पहिल्यांदा मुलं कोपऱ्यात जाऊन बसली, कारण लालबाईसमोर चूक कबूल करायची म्हणजे काय थट्टा आहे? वर्षाच्या शेवटी मात्र 'आज माझी चूक, आज माझी' म्हणून भांडायला लागली. वर्षभर तोंड न उघडणारी पोरं फळ्यापाशी येऊन बोलली. एवढ्या नोकरीत मी असा तास पाहिला नव्हता, आणि हे मी छाती पुढे काढूनच सांगते.

आणि हाच तास काढून घ्यायची वेळ आली. यंदा शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. वेळापत्रकात नसलेला तास पुढच्या सत्रापासून बंद करावा. शाळा एखाद्या मान्यताप्राप्त संशोधन-भागीदारीच्या जाळ्याची सदस्य असेल तरच सवलत मिळेल. काबाईला असं एक जाळं माहीत होतं. शाळा आणि संशोधक बरोबरीने काम करतात अशा जोड्यांची ती संघटना होती. अर्ज करायचा, मग समिती बोलावते.

"जाळं म्हणजे आपण मासे की कोळी?" मी विचारलं.

"आपण गाठी, बाई," ती म्हणाली. पोरगी हुशार आहे, आम्हाला उगाच आवडत नाही.

अर्जाचा मसुदा तिने लिहिला आणि माझ्याकडे दिला. मी चहा बाजूला ठेवला, लाल पेन उघडलं आणि बसले. सवय ती सवय.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या आकलनातील त्रुटींचा शोध.' मी 'विद्यार्थ्यांच्या' वर काट मारली आणि समासात लिहिलं, 'मुलांची चूक नाही. माझी. मीच तसं शिकवलं, पंचवीस वर्षं.'

चौथ्या पानावर प्रश्न होता, 'भागीदारांमध्ये मतभेद झाला तेव्हा काय केलंत? पुरावा जोडा.' काबाईने लिहिलं होतं, 'भागीदारी प्रारंभापासून पूर्ण सामंजस्याची राहिली आहे.' मी खाली दोन रेघा ओढल्या. 'खोटं! पुन्हा लिही. पंधरा दिवस आपण एकमेकींशी बोललो नव्हतो ते आठव.'

ते भांडण वजाबाकीच्या नव्या पद्धतीवरून झालं होतं. ती आधी अर्ध्याच वर्गाला शिकवायची आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाशी तुलना करायची, असं तिचं म्हणणं. संशोधनात तसंच करतात म्हणे. मी म्हटलं, अर्ध्या मुलांनी मुद्दाम चुकत राहायचं, का? ती माझी पोरं आहेत, तुझे उंदीर नाहीत. ती रडली, मी दार आपटलं. शेवटी ठरलं की दुसऱ्या अर्ध्याला एका महिन्याने शिकवायचं. तिची तुलनाही झाली आणि माझी पोरंही सुटली.

आता राहिलं पहिलं पान. तिथे भागीदारांची यादी होती. एक, शाळा. दोन, विद्यापीठ. मी पेन उचललं आणि खाली लिहिलं, 'तीन. माझी मुलगी, व्यवसाय शिवणकाम. पद्धत मुळात तिची आहे.'

हे कसं, ते सांगायलाच हवं.

माझ्या मुलीला घरात आम्ही बटण म्हणतो. लहानपणी तिने एक बटण गिळलं होतं, तेव्हापासून. ती तिसरीत माझ्याच वर्गात होती. बावन्न वजा अडतीस की असंच काहीतरी गणित होतं आणि तिने लिहिलं सव्वीस. मी समजावलं, दोनातून आठ जात नाहीत. तिने पुन्हा सव्वीसच लिहिलं. तिसऱ्यांदाही. वर्गासमोर मी तिला थप्पड मारली. बाईंचीच मुलगी आणि तिला येत नाही, याची मला लाज वाटली होती. पुढे ती दहावीला गणितात नापास झाली आणि लोक म्हणाले, दिव्याखाली अंधार. तिने शिवणकामाचं दुकान टाकलं. आता हाताखाली दोघी आहेत आणि गिऱ्हाईक दाराबाहेर उभं असतं. तरी कुणी साधा हिशेब विचारला की ती हसून म्हणते, "आमचं डोकं त्यात चालत नाही बाई."

दोन वर्षांपूर्वी, काबाईचं पहिलं वर्ष संपायच्या आत, मी बटणच्या दुकानात बसले होते. एका बाईंचा झगा बावन्न इंचांचा होता आणि त्यांना तो अडतीसचा करून हवा होता. बटणने गळ्यातली टेप ओढली, अडतीसवर बोट ठेवलं आणि पुटपुटली, "चाळीसला दोन, पन्नासला दहा, बावन्नला दोन. चौदा इंच कापायचं." कागद नाही, पेन नाही, हातचा नाही. मी बघतच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! काबाई आणि मी पुस्तकं चाळत होतो, आणि पद्धत माझ्या पोरीच्या गळ्यात लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी मी काबाईसमोर चौतीस कागदी टेपा ठेवल्या, आणि अर्ध्या वर्गाचं ते भांडण झालं ते यांच्यावरूनच. पुढचं सगळं काबाईच्या तक्त्यात आहे. एकोणिसांतले सोळा चुकायचे थांबले. बटणला मात्र मी काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे थपडेपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. दुसऱ्यांच्या वह्यांवर काट मारायला काय लागतं?

काबाईने सगळं लाल वाचलं आणि फोन केला. "बाई, बाकीचं सगळं बदलते. पण तिसरं नाव नाही चालायचं. यादीत संस्थाच लागतात."

"बरं," मी म्हटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

तिने स्वच्छ प्रत करून पाठवली. चूक सौम्य झाली होती, भांडण दोन ओळींत आलं होतं, बटण गेली होती. मुख्याध्यापकांनी दोन्ही प्रती ऑफिसच्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि वन्संना म्हणाले, "यातली शेवटची पाठवून द्या."

वन्सं म्हणजे माझी नणंद, शाळेची क्लार्क. वीस वर्षं त्या टेबलावर आहेत. दुसऱ्या आठवड्यात मी स्टेपलर शोधत होते आणि ट्रेमध्ये स्वच्छ प्रत तशीच पडलेली दिसली.

"वन्सं, हे काय? हे पाठवायचं होतं ना?"

"पाठवलं की."

"हे तर इथे आहे!"

त्यांनी चष्मा वर केला. "ते कसं पाठवणार, वहिनी? त्याच्यावर लाल कुठे आहे? दुसऱ्यावर केवढं लाल होतं! एवढा तपासलेला कागद या शाळेतून आजवर गेला नसेल. तो पाठवला."

नियम आमचाच, खूण माझीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते हो बाई. आणि तुम्ही 'खोटं, पुन्हा लिही' लिहून समितीला पाठवता! गेला आता तुमचा बुधवार." काबाईला मी स्वतः फोन केला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समासातलंसुद्धा?" मी म्हटलं, "सगळं." त्या दिवशी वर्गात मी एकाही मुलावर ओरडले नाही. मुलं घाबरली, बाई आजारी आहेत की काय.

तीन आठवड्यांनी समितीने बोलावलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच. पडद्यावर तिघं जण आणि इकडे आम्ही चौघं एकमेकांना खेटून. वन्सं 'मी फक्त बटणं दाबायला' म्हणत हटल्याच नाहीत. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या हातात आमचा अर्ज होता आणि त्यावरचं लाल इथूनही दिसत होतं.

"हे लाल पेन कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"हे चुकून आलं का?"

मुख्याध्यापकांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी म्हटलं, "आलं चुकून. पण लिहिलं चुकून नाही. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही."

"'मुलांची चूक नाही, माझी.' आमच्या साइटवर सगळे अर्ज खुले असतात. हे लाखो लोक वाचू शकतील, माहीत आहे ना?"

"पंचवीस वर्षांत हजारभर मुलांना मी ते वाक्य ऐकवलं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. "त्यांनी ऐकून घेतलं. आता मलाही ऐकून घेता आलं पाहिजे."

अध्यक्षबाईंनी पान उलटलं. "चौथ्या प्रश्नाला आमच्याकडे नेहमी एकच उत्तर येतं, पूर्ण सामंजस्य. पुरावा मागतो आणि कुणी जोडत नाही. तुमचा अख्खा अर्जच पुरावा आहे." मग त्या काबाईकडे वळल्या. "तुम्हाला वाईट वाटलं?"

"पहिल्या दिवशी," काबाई म्हणाली. "मग मी पुन्हा लिहिलं."

मागे वन्सं हळूच "शाब्बास" म्हणाल्या आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आणि ही तिसरी भागीदार?" अध्यक्षबाईंनी पहिलं पान वर धरलं. "शिवणकाम करणारी?"

मग मी सांगितलं. झगा सांगितला, टेप सांगितली. तिथे थांबता आलं असतं, पण पुढची थप्पडही सांगितली. वन्संना, म्हणजे तिच्या सख्ख्या आत्याला, हे पहिल्यांदाच कळत होतं.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"नियमात संस्था लिहिलंय हे खरं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नियम आम्ही बघू. पण ज्याला माहीत नाही त्याला आम्ही भागीदार म्हणत नाही. आमचं पत्र निघायच्या आत तिला सांगा. सांगितलं की दोन ओळी कळवा, त्यानंतरच पत्र निघेल."

म्हणजे बुधवारचा तास आता माझ्या तोंडावर अवलंबून होता.

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानात गेले. दोघी मदतनीस जेवायला गेल्या होत्या. बटण मशीनवर बाही जोडत होती. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, बसले असते तर जमलं नसतं. सव्वीसपासून टेपेपर्यंत सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. बाही संपली, तिने धागा दातांनी तोडला आणि मग वर बघितलं.

"म्हणजे मला गणित येत होतं?"

"तू मी सांगितलं तेच केलंस. सांगणं माझं चुकलं होतं."

"आई, चोवीस वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजतेय."

"हो."

"गिऱ्हाइकासमोर हसून दाखवते. माहितेय ना तुला?"

"माहितेय."

तिचा चेहरा लाल झाला. रागाच्या बाबतीत पोरगी माझीच आहे. तिने खडू उचलला, समोरच्या काळ्या अस्तरावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोन वर्षं का नाही सांगितलं?' आणि खाली दोन रेघा मारल्या. अगदी माझ्यासारख्या.

"भीती वाटली," मी म्हणाले. "तुझी माफी मागायची होती आणि कशी मागायची ते मला येत नव्हतं. मला माफ कर, बटण."

तिने मग हाताने खडू झटकला. "चौतीस पोरं माझ्या टेपेवर करतात?"

"आता चार वर्ग. एकशे एकतीस."

"कागदाच्या टेपा फाटतात गं," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "मला विचारलं असतंस तर कापडी पट्ट्या शिवून दिल्या असत्या."

त्याच संध्याकाळी मी समितीला दोन ओळी कळवल्या. पुढच्या बुधवारी बटण शाळेत आली, पिशवीत चौतीस कापडी पट्ट्या घेऊन. चुकांच्या तासाला एका पोरीने फळ्यावर बासष्ट वजा सत्तेचाळीस लिहिलं आणि उत्तर काढलं पंचवीस. बटण पुढे झाली. "मीसुद्धा अशीच चूक करायचे. याच वर्गात. याच बाईंकडे."

"मग?" पोरीने डोळे मोठे केले. "बाईंनी मारलं?"

बटणने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"हो," ती म्हणाली. "मग बाई शिकल्या."

मुलं खो खो हसली. मीही हसले आणि रडलेही. अठ्ठावीस वर्षांत कुणी माझी इतकी खरी तारीफ केली नव्हती.

तास संपतो तोच वन्सं दारात आल्या, हातात पत्र. जाळ्याचं. आमची भागीदारी सदस्य झाली होती आणि बुधवारचा तास राहिला होता. खाली यादी होती. एक, शाळा. दोन, विद्यापीठ. तीन, माझ्या मुलीचं पूर्ण नाव आणि पुढे 'शिवणकाम'. काबाईने मला मिठी मारली. मुख्याध्यापक म्हणाले, "मी म्हणत होतोच!" ते असं काहीही म्हणत नव्हते.

"चला, फाइलला लावा," मी वन्संना म्हटलं.

"लाल कुठे आहे?" वन्सं म्हणाल्या.

मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते बटणच्या हातात दिलं. तिने कधीच लाल पेन धरलं नव्हतं. तिच्या वाट्याला फक्त त्याच्या फुल्या आल्या होत्या. ती खुर्चीवर बसली आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, बोट ठेवून, सावकाश. आम्ही सगळे उभे. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे काय? 'एकूण भागीदार, दोन'?"

काबाई वाकून बघायला लागली. "छापील असतं ते. नेहमी शाळा आणि विद्यापीठ दोनच असतात ना, म्हणून."

"दोन आणि एक तीन होतात," बटण म्हणाली. तिने दोनावर काट मारली, शेजारी ठळक तीन लिहिला आणि खाली भली मोठी बरोबरची खूण केली. मग पत्र आत्याच्या हातात दिलं. "आत्या, हे आता फाइलला जाऊ दे. आणि त्यांना कळव, गणित तपासून पाठवत जा म्हणावं."